पट्ट्याची दोन भोकं

नाशिक,
४ मार्च २०२४

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. वनरक्षक झाल्यापासून काल पहिल्यांदाच बिबट्याला भुलीचं इंजेक्शन मारायची वेळ आली आणि माझा नेम चुकला. द्राक्षाच्या मांडवाखाली बसले होते. तुमचा बंदुकीचा पट्टा डाव्या दंडाला आवळून घेतला होता, अगदी तुम्ही शिकवलंत तसा. तरी भुलीच्या बंदुकीची नळी डुलत राहिली. सुई वेलीच्या खोडात आणि बिबट्या शेजारच्या उसात!

आतापर्यंत त्याने वासरंच नेलीत. पण माणसाला धरलं, तर गोळी घालायचा हुकूम येईल. आमचे वरिष्ठ किशोरसाहेब यांनी मला अजून एक संधी दिली आहे. आजोबा, मला भीती वाटते.

आजीला नमस्कार. आठवण ठेवता तशीच ठेवा.
आपली,
वैष्णवी


सिन्नर,
७ मार्च २०२४

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

पोरीला बंदूक दाखवली म्हणून तुझ्या आजीने आधी मलाच फैलावर घेतलं. चूक माझी आहेच, पण वेगळी. रिकाम्या बंदुकीवर तुला नेम शिकवला तो पौषातल्या थंडीत. तू माझा लोकरीचा स्वेटर घालून बसायचीस आणि पट्ट्याचं भोक मी त्यावरून ठरवलं. तू अजून तेच लावत असणार. आता अंगात पातळ वर्दी, मग पट्टा सैल राहणारच. दोन भोकं आत घे. दंडावर जरा वर, काखेकडे बांध. खाली बांधलास की काळजाची धडधड नळीत उतरते. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर नको, थोडं पुढे सरकव.

एक गोष्ट आजीलाही ठाऊक नाही. शिकारबंदी येण्याआधी, याच पट्ट्यावर हात स्थिर करून मी एक बिबट्याची मादी पाडली होती. जवळ गेलो तर आचळं दुधाने भरलेली. तीन दिवस पिल्लं शोधली, मिळाली नाहीत. पुन्हा जनावरावर बंदूक धरली नाही. त्या दिवशी माझा नेम चुकायला हवा होता. तुझा चुकू नये.

वेळेवर जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.
तुझा,
आजोबा


नाशिक,
१५ मार्च २०२४

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन भोकं आत घेतली. काल सकाळी बिबट्या बांधावर आला आणि नळी हलली नाही. सुई बरोबर मांडीत बसली. हो, मादीच निघाली. डॉक्टरांनी तपासलं, तर तिला दूध होतं. मग तुमचं पत्र आठवून मीच हट्ट धरला आणि दुपारपर्यंत सगळा ऊस पालथा घातला.

आजोबा, या वेळी पिल्लं सापडली. दोन आहेत. तिघांनाही एकत्र ठेवलंय.

आजीला आता सांगून टाका. तुम्हा दोघांची माया अशीच पाठीशी असू द्या.
आपली,
वैष्णवी