दातिवऱ्याचं पाणी कुठून येतं

आई, तुझ्या नातवाने या मे महिन्यासाठी एक मोठी गाडी ठरवली आहे. गाडीतच चौघांची झोपायची सोय, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, इवलंसं न्हाणीघरसुद्धा. बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन तो महिनाभर किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जाणार आहे. गेले आठ दिवस माझ्या पालघरच्या घरात त्याचंच चाललंय, जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नाही, सगळीकडे याद्या. काल त्याने सहज विचारलं, "आई, लहान मुलं बरोबर असली की मुक्काम किती अंतरावर करावा गं?" मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "अंतर मागाहून. आधी पाणी कुठे आहे ते बघ." म्हटलं आणि हातातली भाजी तशीच राहिली. हे मी शिकले कुठे, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. तुला जाऊन बत्तीस वर्षं झाली, आणि आज दुपारी सगळे खरेदीला गेलेत, म्हणून लिहायला बसले आहे.

शिरगावचं आपलं स्वयंपाकघर मला अजून तसंच दिसतं. तू खवणीवर बसून नारळ खवते आहेस, आत्या तांदूळ पाखडते आहे, आणि मी उंबऱ्यात बसून भूगोलाचा धडा मोठ्याने पाठ करते आहे. मी अकरा वर्षांची. धाकटे दोघे भाऊ, एक आठ वर्षांचा आणि एक पाच वर्षांचा, मागच्या केळीच्या वाडीत बाबांच्या पायात पायात. मी वाचलं, वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते. तुझा हात थांबला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"दातिवऱ्याला मिळते तीच ना गं?"

"तीच. दुसरी कुठली असणार?"

दातिवरे तुझं माहेर. त्या खाडीत तू पोहायला शिकलीस, ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या वेचल्यास, आणि लग्न होऊन शिरगावला आलीस. पालघरच्या पलीकडे तू काही पाहिलं नव्हतंस. सातवी पास झालेली बाई, वर्तमानपत्राच्या पुड्यासुद्धा सोडवून वाचायचीस, पण पाय मात्र वाडी, विहीर आणि बाजार एवढ्यातच. त्या दुपारी बाबांना वाढता वाढता तू सरळ म्हणालीस, "उन्हाळ्यात पोरांना घेऊन तिरंबकला जायाचंय. गाडीनं. माझ्या म्हायेरचं पानी येतं कुठून, ते बघायचंय मला."

बाबा जेवायचे थांबले नाहीत. "पानी येतंय ना? मग झालं तर."

"तुमी या बरोबर."

"आणि वाडी कोण शिंपणार? वैशाखात चार दिवस पानी चुकलं तर केळी माना टाकतील. आणि बैल बागायतीचे हायेत, यात्रेचे नाय."

सोबतीला मामा आला असता, पण तो नुकताच तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर लागला होता. त्या वर्षांत आपल्या भागातला जो तो तिकडेच. तेव्हा पुरुष माणूस मिळायचा नव्हता. बाबांना वाटलं, विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं.

पण तू माझी जुनी वही मागून घेतलीस. पुढचे चार महिने त्या वहीने काय काय पाहिलं! बाजाराच्या दिवशी केळीची पानं विकायला तू पालघरला जायचीस, तिथे डोंगरातून गवताच्या गाड्या घेऊन माणसं यायची. पानं संपली की तू त्यांच्यात जाऊन उभी राहायचीस. मनोरच्या पुढे सावली कुठे, विक्रमगडला लोहार कुठल्या आळीत, जव्हारचा घाट बैलांना झेपतो का, वैशाखात न आटणारी विहीर कोणती. एका गावाला वहीचं एक पान. पानाच्या वरच्या कोपऱ्यात विहिरीचं चित्र; पाण्याची खात्री असली तर भरलेलं, नसली तर नुसतं गोल. मी एकदा विचारलं, आधी गावाचं नाव का नाही लिहीत? तू म्हणालीस, "नाव चुकलं तर माणूस सांगेल. पानी चुकलं तर काय करशील?"

आणि दुपारी बाबा आडवे झाले की तू बैल सोडून कापलेल्या भातशेतात न्यायचीस. मी माडाआडून बघायचे. ढवळा तुझं ऐकायचा, तांबडा नाही. तो तुला बांधाला घासत न्यायचा, तू कासरा सोडत नसायचीस. तुझ्या तळहातांना फोड आले, तेव्हा तू आत्याला सांगितलंस की रहाटाचा दोर घासला. आत्याने फक्त हळद लावली. बाबांना हे ठाऊक होतं असं मला आता वाटतं. कारण होळीनंतर एक दिवस ते आपणहून म्हणाले, "तिरंबक ऱ्हावं दे. पालघरच्या फाटकापलीकडं गाडी एकटीनं नेऊन परत आण. मग बोलू."

त्या दिवशी तू मला बरोबर घेतलंस. रेल्वेचं फाटक बंद होतं. गाड्या, सायकली, डोक्यावर पाट्या घेतलेल्या कोळणी, सगळे खोळंबलेले. मालगाडी आली, शिटी वाजली, आणि तांबडा मागे सरायला लागला. मागे एक टांगा, टांगेवाला ओरडतोय. मी गाडीचा दांडा धरून डोळे मिटून घेतले. उघडले तर तू खाली उतरून तांबड्याच्या पुढ्यात उभी, पदर त्याच्या डोळ्यांवर धरलेला, आणि कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलेलं. डबे संपता संपत नव्हते. चहाच्या टपरीवरचा एकजण म्हणाला, "बाय, घरवाला निजलाय काय?"

तू वळूनही पाहिलं नाहीस. "नाय, वाडी शिंपतोय. फाटक उघडलं, सरका."

टपरीवर हशा झाला, पण तो त्या माणसावर. फाटकापलीकडे आपण गाडी वळवली, घरी आलो. बाबांनी तांबड्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी बांबूच्या पट्ट्यांचं छप्पर विणायला बसले.

पुढचा महिना आपलं अंगण म्हणजे कारखाना. गाडीच्या तळाला पेंढा, पेंढ्यावर घोंगडी, घोंगडीवर गोधडी. खाली बैलांचं खाणं आणि वर आमची गादी. तेलाचा डबा कापून तू शेगडी केलीस आणि ती गाडीच्या मागे टांगलीस. तांदूळ, कुळीथ, गूळ, सुके बोंबील, सुकट, पापड. छपराच्या आतून शिवलेली पिशवी, तिच्यात कंगवा, सुई-दोरा, हळद, कापूर. चाकांना घालायचं वंगण वेगळ्या नळकांड्यात. पाण्याचं मोठं मडकं गाडीखाली शिंक्यात, आणि त्याची जबाबदारी माझी. निघण्याआधी तू आम्हां पोरांना दोन दिवस अंगणातल्या गाडीतच ठेवलंस. जेवण तिथे, अभ्यास तिथे, भांडणं तिथे. धाकटा रडला, मला घरात जायचंय. तू म्हणालीस, "हेच घर. चाकं हायेत एवढंच."

परीक्षा संपल्या आणि आपण निघालो. तू, आत्या, आम्ही तिघं. बाबा वेशीपर्यंत आले. एवढंच म्हणाले, "उतारावर ढवळ्याला आतल्या अंगाला ठेव." ते परत फिरले तेव्हा तू पदराने तोंड पुसलंस, घाम आला असेल.

ते दिवस एकापाठोपाठ एक आठवत नाहीत, मिसळून आठवतात. पहाटे निघायचं, ऊन चढलं की झाडाखाली सोडायचं, उतरत्या उन्हात परत जुंपायचं. सूर्या नदीत घोट्याएवढं पाणी, त्यात दोघे भाऊ बैलांबरोबर लोळले. मनोरला मोठा रस्ता ओलांडताना ट्रकवाले मान बाहेर काढून बघत होते, आणि आत्या, जिने विधवा झाल्यापासून कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ती त्यांना हात करत होती! गावोगाव बायका गाडीत डोकावायच्या. शेगडी बघायच्या, पिशवी बघायच्या, मग हळूच विचारायच्या, "बाप्या मानूस नाय बरोबर?" तू म्हणायचीस, "चाललंय की." त्या आपल्याशीच विचार करत परत जायच्या.

मोखाड्याच्या पुढची ती दुपार मात्र मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. सकाळी थांबलो होतो तिथे आटलेल्या डबक्याकाठी चिकणमातीचा चिखल होता. धाकट्याचे पाय बरबटले, आणि पुढे विहीर आहेच म्हणून मी मडक्यातल्या पाण्याने ते धुतले, मग माझेही धुतले. वहीत त्या विहिरीचं गोल अर्धं भरलेलं होतं. आपण पोचलो तर तळाला नुसता ओला दगड. तू मडक्यात तांब्या घातलास, तो तळाला खरवडला. बैलांच्या तोंडाला फेस. धाकटा पाणी मागतोय. तू माझ्याकडे वळलीस. तू कधी मारायची नाहीस, त्या दिवशीही मारलं नाहीस.

"पाय धुवायला पानी दिसलं तुला. पुढची वाट नाय दिसली. गाडी हाकणारा मी एकटीच नाय, तू पन हायेस, समजलीस?"

मी रडत होते, पण त्या वाक्यातला शेवटचा भाग माझ्या कानात वेगळाच बसला. मी मडकं काढून डोक्यावर घेतलं आणि उतारावरच्या झोपड्यांकडे पळत सुटले. पहिल्याच झोपडीपाशी एक बाई लाकडं फोडत होती. मी म्हटलं, पाणी. तिने माझ्या मागे रस्त्यावरची गाडी पाहिली. "पानी हाय, पन खनावं लागल. हाक मार तुझे आयशीला." ती पुढे, आपण मागे, खालच्या कोरड्या ओहोळात. तिने हाताने वाळू उकरली, तूही उकरलीस. कोपरापर्यंत खड्डा झाला तेव्हा तळाशी पाणी चमकलं. आधी गढूळ, मग निवळ. वाटीवाटीने मडकं भरलं, बैलांची तहान भागली. तू तिला बोंबील दिलेस, तिने आपल्याला नाचणीच्या भाकऱ्या दिल्या. "हे पानी पुढं जातं कुठं?" तू विचारलंस. ती म्हणाली, "खाली वैतरनंत मिलतं. पावसात बघावं, कसं धावतं!" तू तो ओला हात कपाळाला लावलास.

शेवटचा घाट बैलांनी निम्म्यावर सोडला. तू सगळं सामान उतरवलंस. आम्ही गोण्या, भांडी, गोधड्या वर नेऊन ठेवत होतो, आत्या चाकामागे दगड लावत होती, आणि तू बैलांच्या मध्ये जुवाला खांदा देऊन चालत होतीस. दहा पावलं, दगड. दहा पावलं, दगड. वरून उतरणारे तीन गाडीवान थांबले. एकाने अंगरखा काढून ठेवला आणि मदतीला येऊ लागला. तू दम खात म्हणालीस, "दादा, नको. एक वळण ऱ्हायलंय." त्याने अंगरखा परत घातला नाही, तसाच हातात धरून उभा राहिला. गाडी माथ्यावर पोचली आणि त्याने तोच अंगरखा डोक्यावर फिरवला. तू चाकाला टेकून हसत सुटलीस, आत्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर. एका गुराख्याने जागा दाखवली. दोन दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार, खाली शेवाळ. धाकटा म्हणाला, "हीच नदी? एवढीशीच?" मलाही फसल्यासारखं झालं. पण तू गुडघ्यांवर बसलीस आणि फोडांचे वण असलेला तळहात त्या फटीवर दाबून धरलास. धार थांबली. तू मान वर केलीस, तोंडभर ऊन.

"बघा रे पोरांनो. दातिवऱ्याचं पानी मी अडवलंय."

किती वेळ धरलंस कुणास ठाऊक. मग हात काढलास आणि म्हणालीस, "जा बाय, आई वाट बघत असेल." तुझी आई तेव्हा दातिवऱ्याला होती, आणि तू नदीशी बोलत होतीस की स्वतःशी, ते मी विचारलं नाही.

परत आलो तेव्हा बाबा चालत मनोरपर्यंत आले होते. पहिला प्रश्न, "बैल कसे हायेत?" घरी जेवताना मात्र ताटात बघत विचारलं, "केवढी असते तिथं?" तू उजवा हात पुढे केलास. ते त्या तळहाताकडे बराच वेळ बघत राहिले आणि आमटी वाढायची राहूनच गेली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. जूनमध्ये शाळा उघडली, गुरुजींनी सुट्टीवर निबंध सांगितला. मी सगळं लिहिलं, घाट, वाळूत उकरलेला झिरा, धार. पण वर्गातल्या मुली हसतील म्हणून लिहिलं, 'आमचे बाबा गाडी हाकत होते.' निबंध पहिला आला, वर्गापुढे वाचला गेला. तू वाचायला मागितलास, तर मी म्हटलं, गुरुजींनी ठेवून घेतला. तो माझ्या दप्तरात होता. त्याच दुपारी मी तो फाडून विहिरीमागच्या खड्ड्यात टाकला, आणि पुढे आयुष्यभर कुणी विचारलं की तुम्ही बैलगाडीने त्र्यंबकला कसे गेलात, तर "घरचे होते बरोबर" एवढंच सांगत राहिले.

खाली गाडीचा आवाज येतोय, ते परतले वाटतं. हा कागद टाकायला पत्ता नाही, तो मी घडी करून माझ्यापाशीच ठेवणार आहे. पण आज चहा घेताना मुलाला, सुनेला आणि दोन्ही नातवंडांना समोर बसवून सांगणार आहे, की ती गाडी तू हाकलीस.