वीतभर अंतर

प्रिय दगडोबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे अजून थोडी आशा आहे. कॉलेजच्या पोहण्याच्या तलावात पहिल्याच दिवशी तू दगडासारखी तळाला गेली होतीस. वर आल्यावर नाकातोंडातून पाणी वाहत असताना माझ्यावरच खेकसलीस, "हसतोस काय, काढ की बाहेर!" तेव्हापासून तू दगडोबा. आणि कँटीनमध्ये मी तिसऱ्यांदा कुणाशी तरी भांडलो तेव्हापासून मी रॉकेल. तळाला जाणारी ती मुलगी पुढे पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात करणाऱ्यांच्या संघात जाऊन बसली. मी मात्र दुसऱ्या वर्षात सरांच्या टेबलावर जर्नल आपटून कॉलेजला रामराम ठोकला आणि काकूंच्या सायकलच्या कारखान्यात पाना हातात घेतला. काकू कुणाच्या काकू आहेत हे मला अजून कळलेलं नाही. पण तुमच्या संघाच्या सायकली त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय शर्यतीला जात नाहीत, एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

मी बरा आहे. खरं तर बरा म्हणजे फारच बरा आहे. गेले तीन आठवडे मी माणसासारखा झोपतो, जेवतो, आणि परवा म्हणे काम करताना शीळ घालत होतो. काकू म्हणाल्या, "बंद कर ते. पाच महिने तुझं सुतकी तोंड बघितलं, तेच बरं होतं. निदान सूर तरी चुकत नव्हता." ते पाच महिने कसे गेले ते तुला माहीत नाही. मी तुला कळू दिलं नाही, कारण दवाखान्यात तुझ्या खाटेशी उभा राहून मी जे बोललो त्यानंतर तुझ्यासमोर यायला मला तोंडच उरलं नव्हतं. म्हणून आज माझ्या बाजूनं सगळं सांगतो. तुला यातलं निम्मं ठाऊक आहे, तरी वाच.

शर्यतीच्या आदल्या दुपारी सगळ्या सायकली प्रवासाच्या पिशव्यांतून बाहेर काढल्या होत्या. पिशवीत मावावी म्हणून सायकलचं हँडल सोडवावं लागतं आणि तिकडे पोहोचल्यावर पुन्हा बसवावं लागतं. तुझ्या सायकलला मी कुणाला हात लावू देत नव्हतो, ते तुला माहीतच आहे. बाबांना वाटायचं, तुझी सायकल म्हणजे ती कोपर टेकवून, आडवं पडून चालवायची, अवकाशयानासारखी दिसणारी. मी त्यांना समजावलं होतं, "बाबा, ती एकट्यानं वाऱ्याशी झुंजणाऱ्यांची. हिच्या शर्यतीत एकमेकींच्या मागे चिकटून जायची परवानगी असते. वारा पुढची खाते, मागचीचे पाय वाचतात. घोळक्यात हात सतत ब्रेकजवळ लागतात, म्हणून हिची सायकल साधी, वाकड्या हँडलची." बाबा म्हणाले, "म्हणजे गपगुमान दुसऱ्याच्या मागे राहायचं. हे तुला जमलं असतं तर कॉलेज सुटलं नसतं." तर त्या दुपारी तुझी सायकल स्टँडवर लावली, आणि समोर तू तुमच्या संघातल्या त्या लांब्याबरोबर पायऱ्यांवर बसून हसताना दिसलीस. तो तुला बुटांना रबर कसे लावायचे ते दाखवत होता! पेडलला अडकवलेले बूट आडवे राहावेत आणि पाण्यातून धावत येऊन त्यांत थेट पाय घालता यावा, म्हणून लावतात ते इवलेसे रबर. ते लावायला तुला मीच शिकवलं होतं. मग पुढचं तुला पाठ असेल. "पाना माझ्या हातात आहे तोवरच मी तुला हवा" असलं काहीतरी मी सगळ्यांसमोर ओरडलो. तू उठलीस, खोलीत गेलीस, आणि मी रागारागात तुझं हँडल बसवलं.

काकूंचा एक नियम आहे. बोल्ट किती आवळला ते मोजणाऱ्या पान्यानं आवळायचा, पाना 'कट्' म्हणाला की थांबायचं, आणि मग पांढऱ्या रंगाच्या पेनानं एक रेघ ओढायची, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या धातूवर. पुढे कधीही बघावं, रेघ जुळलेली असली तर बोल्ट हललेला नाही. त्या दुपारी मी 'कट्' ऐकला की नाही, हे मला रात्र उलटली तरी आठवेना. रेघ ओढली की नाही, तेही आठवेना. डोक्यात फक्त तो लांब्या आणि त्याचे रबर. सकाळी तपासणीवाल्यांनी तुझी सायकल हलवून बघितली, हँडलच्या टोकांना बुचं आहेत ना ते पाहिलं, आणि सोडली. पुन्हा पाना लावू द्या म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तुझ्यासमोर यावं लागलं असतं ना.

मी रस्त्याच्या कडेला, चाकं बदलून घेण्याच्या जागी, दोन हातांत दोन चाकं धरून उभा होतो. पहिल्या दोन फेऱ्यांत तुमचा घोळका सरळ माझ्या अंगावरून गेल्यासारखा गेला. तिसऱ्या फेरीला मी मोजल्या, अकरा. चौथ्या फेरीला दहा आल्या. मी पुन्हा मोजल्या, जणू मोजण्यातच चूक असावी. तुझं हेल्मेट त्यात नव्हतं. चाकं खाली ठेवून धावत आलो तोवर तुला उचललं होतं. सायकल कडेला पडली होती आणि तिचं हँडल चाकाला काटकोनात फिरलेलं होतं. त्या एका दृश्यात माझा निकाल लागला.

मग दवाखाना. तुझा खांदा बांधलेला, ओठ सुजलेला, आणि तू सगळ्यांना सांगत होतीस, "चूक माझी. लक्ष नव्हतं. पुढचीच्या चाकाला माझं चाक चाटलं." मला वाटलं, ही मला पाठीशी घालतेय. आदल्या दिवशी चारचौघांत ज्यानं हिचा अपमान केला, त्याच्यावर ही दया करतेय. आणि ती दया मला झोंबली. "माझ्यावर उपकार करू नकोस, खोटं बोलायची गरज नाही," असं म्हणून मी निघून आलो. कॉलरबोन मोडलेल्या मुलीला मी खोटारडी म्हणालो. आता हे लिहितानाही कान गरम होताहेत.

परत आल्यावर मी काकूंना सांगितलं, शर्यतीच्या सायकलींना मी हात लावणार नाही. लहान मुलांच्या आणि दूधवाल्यांच्या सायकली दुरुस्त करत बसलो. तिथेही प्रत्येक बोल्ट तीन-तीनदा आवळायचो. दोन बोल्ट त्यात मोडले. काकू म्हणाल्या, "अरे, तो बोल्ट आहे, तुझा वैरी नाही." तुझी सायकल तू घेऊन गेली नाहीस, ती पिशवीसकट वरच्या फळीवर पडून होती. ती उघडली असती तर पाच मिनिटांत सत्य कळलं असतं. पण फळीखालून जातानाही मी मान वर केली नाही. संशय असला की माणूस जगतो, खात्री झाली की संपतो, असं काहीतरी मी स्वतःलाच पटवलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी काकूंना ती पिशवी हवी झाली. "मी काढते," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, "की तू काढतोस?" मी काढली. चिखल वाळून पांढरा झाला होता. मी आधी डोळे मिटले, मग उघडले. हँडलच्या बोल्टांवर माझ्या रेघा होत्या. सगळ्या. रागात ओढलेल्या, वाकड्या, पोरानं भिंतीवर ओढाव्यात तशा, पण प्रत्येक रेघ बोल्टवरून धातूवर सलग गेलेली. एकही बोल्ट तसूभर हललेला नव्हता. हँडल फिरलं होतं ते रस्त्यावर आपटल्यावर, आपटल्यावर ते फिरतंच. मग काकूंनी पुढचं चाक उचलून उजेडात धरलं. टायरच्या एकाच कडेवर वीतभर घासल्याची झळाळी. "दुसऱ्याच्या टायरला टायर लागला की अशी उमटते," काकू म्हणाल्या, "पोरगी खरं बोलत होती." मी तिथेच फरशीवर बसलो आणि मला हसू फुटलं, आवरेना. काकूंनी पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर ओतली. बाबांना फोन केला, म्हटलं, "बाबा, चूक माझी नव्हती." ते म्हणाले, "हे वाक्य मी तुझ्या तोंडून लहानपणापासून ऐकतोय. आज पहिल्यांदा खरं वाटतंय."

छातीवरून जातं उतरल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दात घासताना दुसरी गोष्ट ध्यानात आली. माझे बोल्ट घट्ट होते म्हणजे तू एकटीच पाच महिने ते ओझं वाहतेयस. आणि तुझं लक्ष का नव्हतं, ते तू तेव्हा कुणालाच सांगितलं नाहीस. मला सांगायची गरज नाही, दगडोबा. ते मला ठाऊक आहे. बोल्टांनी मला सोडवलं, पण आदल्या दुपारच्या माझ्या शब्दांनी नाही. त्याची माफी मागतो, एकदाच, पण पूर्ण.

आता हे पत्र का लिहिलं ते. सोमवारी तुमच्या संघाचे प्रशिक्षक सर कारखान्यात एक खोकं ठेवून गेले. ते काकूंशी बोलत होते, मी ऐकत होतो. म्हणाले, तू खोलीतल्या जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर पूर्वीपेक्षा जोरात पेडल मारतेस, पण घोळक्यात गेलीस की पुढचीपासून तीन सायकलींचं अंतर ठेवतेस आणि वारा खाऊन दमतेस. म्हणून तुला घोळक्याच्या शर्यतींतून काढून एकटीच्या शर्यतींना लावायचं चाललंय. खोक्यात तीच कोपर टेकायची सायकल आहे, मी जुळवावी अशी सरांची इच्छा आहे. मी अजून चिकटपट्टीही काढलेली नाही. कारण मंगळवारपासून मी रोज सकाळी गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर सायकल घेऊन सरळ जायला शिकतोय. झटक्यात ब्रेक नाही, डावं-उजवं नाही. काकू मागून स्कूटरवर येतात आणि "हललास! पुन्हा हललास!" म्हणून ओरडतात. परवा त्यांनी मुद्दाम स्कूटरचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लावलं, मी पडलो नाही, त्याही पडल्या नाहीत. कालपासून ओरडायच्या थांबल्या आहेत. रविवारी सकाळी सात वाजता मी तिथे असेन. तू ये, हवं तर तीन सायकली मागे राहा, मग दोन, मग एक हात, मग वीतभर. वारा मी खातो. आलीस आणि नाहीच जमलं, तर सोमवारी मी ते खोकं उघडीन आणि तुझी नवी सायकल अशी जुळवीन की नाव काढशील. पुढच्यानं मागे वळून बघायचं नसतं, बघितलं की सायकल हलते, म्हणून मी बघणार नाही. तू आली आहेस की नाही, ते मला मागून येणाऱ्या तुझ्या चाकाच्या आवाजावरूनच कळेल.

तुझाच, आणि सध्या बराच न पेटणारा,
रॉकेल