कांद्याच्या रोपाला सोलर कॉम्प्युटर

१७ ऑक्टोबर, मंगळवार
बायको, वृषाली, बहिणीच्या बाळंतपणासाठी माहेरी गेली. नऊ दिवस. जाताना एकच काम सांगितलं: कांद्याच्या रोपाला सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. बी सासूबाईंनी घरी धरलेलं. होतं नव्हतं ते लेकीला दिलं. यंदाचा आमचा उन्हाळी कांदा त्यावरच. तीनदा बजावलं. मी म्हटलं, निर्धास्त जा. साखर कारखान्याचा हंगाम अजून सुरू व्हायचाय, तिथं माझ्या लॅबमध्ये काम नाही, आणि माझ्याकडे पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर आहे. तो ओलावा बघेल, पंप चालू करेल, सगळं सोलरवर. आजच्या काळात झारी कोण वापरतं?

१८ ऑक्टोबर
पॅनल जोडलं. कॉम्प्युटर चालू झाला. पंधरा मिनिटं चालला. बॅटरी नवीन आहे, रुळायला वेळ लागणारच. आजच्यापुरतं झारीनं घातलं. दहा मिनिटं गेली फुकट.

१९ ऑक्टोबर
दोष लिंबाच्या झाडाचा. सावली पडते. पॅनल उचलून सकाळी गोठ्यापाशी, अकराला वाफ्यापाशी, दोनला उकिरड्याजवळ. दिवसभर उन्हामागं फिरलो. शेजारचे वैजनाथतात्या बांधावरून विचारत होते, म्हणे लेकराला ऊन दावतो का काय. दुर्लक्ष केलं. पाठ धरली. संध्याकाळचं पाणी राहिलं. उद्या कॉम्प्युटर भरून काढेल.

२१ ऑक्टोबर
बॅटरी फुल. पण किती फुल आहे ते दाखवायला स्क्रीन चालू ठेवला, त्यानंच ती खाल्ली. वायर बारीक असणार. कोपरगावला जाऊन जाड आणली. यात दिवस गेला. रोपानं मान टाकलीय, पण या उन्हात माझीही पडलीय. वृषालीचा फोन आला, रोप कसं आहे म्हणून. सिस्टीम बसतेय, म्हटलं.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी
आईनं विळे, खुरपी, पान्हे पूजेला मांडले. शेजारी मी कॉम्प्युटर आणि पॅनल ठेवलं. हत्यारच ते. आईनं सगळ्यांना पाणी शिंपडून हळदकुंकू वाहिलं, पॅनलला झेंडूचा हार घातला. आज हत्याराला हात लावायचा न्हाई, असं बजावलं. झारीही मी मांडलीच होती, म्हणजे तिलाही सुट्टी. आई म्हणाली, झारी कुठं हत्यार असती, पाणी घाल जा. माझं गुडघं चालत न्हाईत, न्हाईतर मीच गेले असते. पण नियम तो नियम. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. दुपारी झोपलो.

२४ ऑक्टोबर, दसरा
कॉम्प्युटर चालू होईना. पिनांत कुंकू वाळलंय. जुन्या टूथब्रशनं साफ करत बसलो. संध्याकाळी गावात सोनं द्यायला गेलो. जाताना वाफ्याकडे बघितलं नाही. भीती वाटली.

२६ ऑक्टोबर, दुपार
वृषाली आली. हातात पिशवी तशीच, सरळ वाफ्यावर. भांडेल वाटलं होतं. भांडली नाही. तिथूनच तिच्या आईला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, चिमूटभरही बी उरलं न्हाई. कडेची मूठभर रोपं हिरवी आहेत. वृषाली त्यांच्यापाशी झारी घेऊन बसलीय.

चार वाजता
कॉम्प्युटर चालू झाला. बॅटरी फुल, पंप तयार. स्क्रीनवर आलं: जमीन कोरडी आहे, पाणी द्या. अगदी अचूक. वृषालीला दाखवायला निघालो होतो. दारातूनच परत आलो.