‘मी रोज दोन वेळा घेतो’

३ नोव्हें., सोम.
बदाम-पावडर कंपनीचा माणूस येऊन गेला. तालमीपुढच्या मोठ्या फलकावर ह्यांच्या फोटोखाली ‘मी रोज दोन वेळा घेतो’ छापलंय, त्यावर कुणीतरी तक्रार केलीय. मुंबईत जाहिरातवाल्यांनी स्वतःवरच नजर ठेवायला एक परिषद काढलीय, ती पुरावा मागते. जो जाहिरातीत दिसतो त्यानं ती वस्तू खरंच वापरलेली हवी म्हणे.
“वस्ताद, घेतो म्हणून फक्त सही करा.”
“बघू सवडीनं.”
घेतात कुठले! शुगर निघाल्यापासून चहासुद्धा बिनसाखरेचा. डबा आला तसा फळीवर. ते वाक्य तर फलक लागल्यावरच आम्ही वाचलं.

४, मंगळ.
पहाटे स्वयंपाकघरात खुडबुड. हे दुधात पावडर ढवळतायत!
“आजपासनं दोन टाइम घेणार. मग सही खोटी हुईत न्हाय.”
कपाळावर हात मारला. डब्यावरचं वाचून दाखवलं, साखरच जास्त.
“पैलवान हाय मी. पेलाभर दुधानं काय हुतंय?”

७, शुक्र.
चक्कर. दवाखाना. शुगर भयंकर वाढलेली. डॉक्टरीणबाई मलाच ओरडल्या. रिक्षात मग तोंड सुटलं माझं. ह्यांचं लक्ष फलकाकडे.
गुडघा गेला, कुस्ती सुटली, तेव्हापासून पेठेत ह्यांना नवी पोरं ओळखेनात. दुधाच्या रांगेत “काका, सरका जरा.” फलक लागला आणि पुन्हा “रामराम वस्ताद.” कळतं मला. मी काय दगड आहे? लांब पडलं तरी मीही भाजीला फलकापुढूनच जाते.

९, रवि.
डबा लपवला. विचारलंही नाही त्यांनी. शेवटी मीच म्हटलं, “सही करा आणि पिऊ नका. परिषद त्यांचीच, पंच त्यांचेच. कोण बघायला येतंय?”
खरंच म्हटलं असं. मला माणूस हवाय, बाकीचं गेलं चुलीत.
“पाठ मातीला लागली का न्हाय, पंचाला दिसंल न दिसंल. ज्याची लागली त्येला कळतंय की.”
गुडघ्याला तेल चोळून दिलं. इतका जीव का लावावा माणसानं...

१२, बुध.
कंपनीचा माणूस परत. ह्यांनी सरळ सांगितलं, “न्हाय घेत मी. आदी कधी घेतलंच न्हवतं. परवा घेतलं तर आडवा झालो.”
तो म्हणाला, मग फलक उतरवावा लागेल. नवा पैलवान शोधू.
“शोधा की. पण त्येला आदी पाजा, मग फोटो काढा.”
चहा घेऊन गेला बिचारा. हे जेवले नीट.

१४, शुक्र.
फलक अजून आहे. कधी काढणार, कुणी सांगत नाही.
संध्याकाळी हे म्हणाले, “चल, फिरून येऊ.” लग्न झाल्यापासून रस्त्यानं हे पुढं आणि मी मागं. आज शेजारून चालले. तालमीपाशी एका पोरानं हात जोडले, “रामराम वस्ताद!” ह्यांनीही जोडले. थोडं पुढं गेल्यावर हळूच म्हणाले,
“फोटो गेल्यावर बी घालंल का गं ह्यो रामराम?”
भर पेठेत हात धरला त्यांचा. कोण काय म्हणायचं ते म्हणू दे.
“उद्या बी येऊ की फिरायला,” म्हटलं.