फ्रीजरमधला समुद्र

अहो,

मटार काढायला फ्रीजर उघडला, तर हाताला तुमचा तो समुद्राचा जुना नकाशा लागला. पिशवीत गुंडाळलेला, आणि आत कसरीचे किडे, काही अजून वळवळणारे! थंडीने कीड मरते म्हणून खायच्या वस्तूंवर ठेवलात? शी! मटार, खोबरं, सगळं फेकलंय. दूध तापवून ओट्यावरच ठेवलंय. फ्रीज तुम्हीच धुवा, मी हात लावणार नाही.

घरभर समुद्र टांगलेत, पण लग्नापासून खरा एकदाही दाखवला नाहीत. मी ताईबरोबर ठक्कर बाजार स्टँडवरून अलिबागच्या गाडीत बसतेय. तुमचे नकाशे राहू द्या, एसटीच्या ड्रायव्हरला रस्ता माहीत आहे.

वैजयंती