मशीन गप्प झालं ती जागा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

वादळ ओसरलं. समुद्राने किनाऱ्याची पार हजामत केली आहे! कमरेएवढी वाळू ओढून नेली, कधी न दिसलेले खडक वर आलेत. कानाच्या यंत्रांचं दुकान सुटल्या सुटल्या धातू शोधायचं मशीन घेऊन धावले. दिवसभर बहिऱ्या म्हाताऱ्यांच्या कानांवर हेडफोन चढवायचे, "आवाज आला की बटण दाबा" — आणि संध्याकाळी तेच हेडफोन आपल्या कानांवर. ताई म्हणते, "तुझं लग्न त्या दांडक्याशीच लागलंय."

कोरड्या वाळूत नेहमीचा गाळणीचा मोड. खिळे, पत्र्याचे तुकडे, सगळं लोखंडी भंगार गाळून टाकतो, कामाचं तेवढं ऐकवतो. तीन नाणी, एक चमचा, एका कानातलं डूल. जोडीचं दुसरं नाही म्हणजे नाही!

ओल्या वाळूत मात्र खारं पाणीच मशीनला धातू वाटतं. उगाच कुरकुर. तिथे बीच मोड. दांडक्याच्या टोकाची तबकडी दोन-चार वेळा वाळूवर खाली-वर केली की ते मिठाला सरावतं आणि बारीक गुणगुण तेवढी उरते. गाळणी तशीच ठेवली होती.

खडकांच्या टोकाशी ती गुणगुणही बंद. एक पाऊल टाकलं, गप्प. आणखी एक, गप्प. मग पुन्हा सुरू. बॅटरी गेली वाटलं, पण नाही. मागे फिरले, त्याच जागी पुन्हा गप्प. गाळणी लावलेली असताना मशीन गप्प बसतं ते लोखंडावर. पण इतकं मोठं लोखंड?

पाणी चढायला लागलं. परतले.

बुधवार, ५

आज गाळणी काढून टाकली. सगळं ऐकवणारा मोड — मी त्याला भंगारवाल्यांचा मोड म्हणते, वर्षातून एकदा लावत असेन. त्या जागेवर आले आणि मशीनने किंकाळीच फोडली! हेडफोन ओढून काढले. मग नेमकी जागा दाखवणारा मोड लावून कडेकडेने फिरले, जिथे आवाज तुटला तिथे काठीने रेघ ओढली. उभी राहून बघितलं तर लांबट आकार. आडव्या पडलेल्या माणसाएवढा.

पण खणलंच.

हाताला रबर लागलं. हँडलची मूठ. खाली गंजलेला आरसा, नुसती चौकट. मोटारसायकल आहे. ओहोटीला पलीकडच्या वस्तीत जायला अजूनही लोक या कडक वाळूवरून गाड्या घालतात, कोणाची तरी रुतली असेल — असं मी मोठ्याने म्हटलं. तिथे ऐकायला कोणी नव्हतं.

गुरुवार, ६

अर्धा दिवस रजा टाकली. मागची बाजू मोकळी केली. नंबरप्लेट वाकली आहे, रंग गेलाय, पण उठावाचे आकडे बोटाला लागतात. डोळे मिटून चाचपले. दोनदा.

भाऊजींची गाडी.

शुक्रवार, ७

कोणाला सांगितलेलं नाही.

नऊ वर्षं. त्या दुपारी ताईशी कडाक्याचं भांडण झालं, भाऊजी गाडीला किक मारून गेले ते गेलेच. पुढे कोणीतरी म्हणालं, लांबच्या शहरात पाहिलं, बरोबर एक बाई होती. झालं! ताईने फोटो काढून टाकले. "तो पळपुटा" — घरात एवढंच नाव उरलं. भाची तेव्हा सहा वर्षांची, आता पंधराची. शाळेत बापाबद्दल विचारलं की "नाही" म्हणते. नाही म्हणजे काय ते कोणी पुढे विचारत नाही.

आणि आता कुठे ताई जरा सावरली आहे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे ते — आमचे इंजिनवाले — ताईसाठी चार वर्षं थांबलेत बिचारे. दर रविवारी काहीतरी नादुरुस्त आहे का विचारत येतात. परवा तर दाराची चांगली चालणारी घंटी उघडून बसले! पुढच्या महिन्यात ताईच्या घटस्फोटाची तारीख. नवरा टाकून गेला, हाच मुद्दा.

टाकून गेलाच नसेल तर?

गाडीखालचं मी अजून खणलेलं नाही. खणवत नाही.

शनिवार, ८

सांगितलं. ताई कपडे वाळत घालत होती. आधी हसली, "काहीतरीच काय!" मी आकडे म्हणून दाखवले. हातातली चादर तशीच राहिली. पाणी ठिबकत होतं, पायावर.

"आणि तो?" एवढंच विचारलं.

म्हटलं, माहीत नाही गं.

चपला न घालताच निघाली. मी मागून. गाडीपाशी पोचल्यावर गुडघ्यावर बसली आणि हातांनीच वाळू उपसायला लागली. "ताई, थांब, पोलिसांना बोलवू." ऐकेचना! पाणी येऊन पायाला लागलं तेव्हा अक्षरशः ओढत आणलं तिला.

रविवार, ९

पोलीस आले, चौघे जण आणि फौजदार. ओहोटीभर खणलं. मी, ताई नि भाची पोलिसांच्या दोरीच्या अलीकडे. इंजिनवाले दहा पावलं लांब उभे, ना जवळ येत होते, ना जात होते.

गाडी निघाली. खाली काही नाही. नुसती वाळू. हाडही नाही, चप्पलही नाही.

पण हेल्मेट बाजूच्या हुकात, कुलूप लावलेलं. आणि किल्लीच्या जागी किल्ली नाही. म्हणजे गाडी घाईत टाकलेली नव्हती.

फौजदारांनी ते दोनदा बघितलं. मग ताईकडे वळले. "बाई, त्या दिवशी भांडण झालं होतं ना?"

"झालं होतं."

"मोठं?"

"नवरा-बायकोत होतं तेवढं."

"दुसरी किल्ली कुठे असायची?"

"खिळ्याला. अजून आहे."

ताई डोळ्याला डोळा देऊन उभी. भाची मध्येच ओरडली, "माझ्या आईला काय विचारताय! त्यांना समुद्राने नेलंय!" त्यांना म्हणाली. बापाला. कितीतरी वर्षांनी.

मंगळवार, ११

ताईला पुन्हा बोलावलं. मी बाहेर बाकावर. आतून फौजदारांचा आवाज येत होता, तिचा नाही. अशा वेळी माणसाच्या मनात काय काय येतं! ते इथेही लिहिणार नाही.

बाहेर आली, म्हणाली, "चहा पाज." दोन कप प्यायली. मग, "तुलाही वाटलं ना?"

नाही म्हणाले. तिने कप खाली ठेवला. "वाटलं तर वाटलं. मलाही त्याच्याबद्दल नऊ वर्षं वाटतच होतं की."

गुरुवार, १३

पेपरात गंजलेल्या गाडीचा फोटो, भाऊजींचं पूर्ण नाव, गावाचं नाव. दुकानात जो तो विचारतो. एक आजोबा कानाचं यंत्र घ्यायला आले. इतके दिवस नको-नको म्हणत होते, आज मी काय सांगते ते ऐकायला घेतलं बहुतेक!

सोमवार, १७

सुटलो! एका म्हाताऱ्या कोळ्याने जबाब दिला. त्या संध्याकाळी भाऊजींना त्याने लांबून एकटंच गाडी ढकलताना पाहिलं होतं, पाणी चढत होतं. मग अंधार झाला. दुसऱ्या दिवशी गाडी दिसली नाही, त्याला वाटलं निघाली असेल. फौजदार म्हणाले, गाडी रुतली, किल्ली काढून मदतीला निघाले, आणि लाटेने ओढलं. कागदावर अपघात. ताईला नमस्कार केला जाताना.

कोळ्याला विचारावंसं वाटलं, नऊ वर्षं का बोलला नाहीस? पण त्याला तरी कोणी विचारलं होतं!

गुरुवार, २०

ताई रडली. मोठ्याने, दार न लावता. "मी त्याला काय काय बोलले गं! पोरीला बापाचं नाव घेऊ दिलं नाही. आणि तो तिथे — हाकेच्या अंतरावर!"

भाचीने माळ्यावरून फोटो शोधून काढला. काचेला तडा होता, तसाच टेबलावर ठेवला. मला विचारलं, "मावशी, म्हणजे बाबा आम्हाला सोडून नव्हते गेले ना?"

"नाही गं राणी."

तेव्हापासून पोरगी सरळ चालते आहे. खरंच! खांदे पाडून चालायची, ते गेलं. सकाळी गाणं म्हणत होती.

रविवार, २३

इंजिनवाले आले. आज नादुरुस्त काही शोधलं नाही. फोटोपुढे जरा उभे राहिले, मग ताईला म्हणाले, "तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. मी आहे." भाचीने आपण होऊन त्यांना पाणी आणून दिलं. आजवर ते आले की ही आत जायची! ताईने ते बघितलं. मीही बघितलं.

गुरुवार, २७

मशीन कपाटावर आहे. अजून हात लावला नाही. लावेन.

रविवार, ३०

जेवून भांडी घासत होतो. ताईचे हात साबणाचे. तिचा फोन वाजला, अनोळखी नंबर. मी बटण दाबून स्पीकरवर ठेवला.

"मी आहे," पलीकडून म्हणाले. "फोन ठेवू नकोस. पेपरात वाचलं मी."

भाऊजींचा आवाज. ओळखायला मला क्षणही लागला नाही. ताईलाही नाही. ते बोलत होते — गाडी मुद्दाम तिथे सोडली, दुसऱ्या दिवशी सापडेल, मी मेलो असं तुम्ही समजाल, सगळं सुटसुटीत होईल... ती वाळूत गडप होईल हे काय माहीत... पोरगी कशी आहे?

बाहेरच्या खोलीतून भाचीने हाक मारली, "कोण गं आई?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. तिने पदराला एक बोट पुसलं, फोनमध्ये म्हणाली, "राँग नंबर," आणि बंद केला.

मग पोरीला ओरडून सांगितलं, "कोणी नाही गं. राँग नंबर."

मग तिने पातेलं घासायला घेतलं. मी फडका घेऊन ताटं पुसायला लागले.