डाळ चाखायचं काम

अहो,

तुमचं तेरावं आटोपून मी शाळेत गेली, तं पोट्ट्यायच्या आधी मध्यान्ह भोजन चाखायचं तुमचं काम बडे सरांनी मलेच देलं. तुमी गेल्यापासून मले कशाचीच चव लागत नाही, हे मी कोणाले सांगितलं नाही. रोज एक घास घेते अन् "हव, वाढा" म्हणते.

आज सहावीतली नवी पोट्टी डाळ खाताच ओरडली, "कितना नमक है!" बाजूच्या दुलारीनं तिचं तोंडच दाबलं.

"रोज असंच राहते का वं?" मी विचारलं.

दुलारी खाली पाहून म्हणाली, "सर के जाने के बाद से, मैडम. आपको बुरा न लगे करके खा लेते हैं."

मी तिच्याच ताटातली डाळ पुन्हा चाखली. तरी मले काहीच लागलं नाही.

तुमची,
निवेदिता